बसवर सेन्सर सापडत नाही: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या प्रश्नांचा ढीग उघडला आणि हसूच आलं. बहुतेकांची तक्रार एकच, सेन्सर जोडला, प्रोग्राम टाकला आणि स्क्रीनवर "एकही डिव्हाइस सापडलं नाही". आणि बहुतेकांनी केलेला उपायही एकच, लायब्ररी काढली, परत टाकली, मग दुसरी, मग तिसरी. म्हणून हा अख्खा महिना आयटूसीलाच देऊन टाकू, म्हणजे एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक) या दोन वायरींना, ज्यांवरून कंट्रोलर आणि सगळे सेन्सर बोलतात, या सामाईक लाइनींनाच बस म्हणतात. एक आधीच सांगतो, खाली जे ॲड्रेस (बसवरच्या प्रत्येक चिपचा नंबर), रजिस्टरचे नंबर आणि चिपच्या ओळखीचे आकडे येतील ते सगळे हेक्समधले म्हणजे सोळाच्या पायाचे (० ते ९, मग ए ते एफ) आहेत, दर वेळी पुढे शून्य-एक्स लिहीत बसत नाही.

प्रश्न: आर्डुइनो ऊनोला बीएमई२८० (तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रतेचा सेन्सर) जोडलाय. स्कॅनर चालवला तर काहीच सापडत नाही. तीन लायब्रऱ्या झाल्या, यूएसबी केबल बदलली, बोर्ड पण बदलला. सेन्सर मेलाय असंच समजायचं का?

उत्तर: अहो थांबा, एवढ्यात त्याला मारू नका. आधी स्कॅनर नेमकं करतो काय ते बघू. तो १ पासून १२६ पर्यंत (हे मात्र साधे, दशमान आकडे) एकेक नंबर बसवर पुकारतो, शाळेत हजेरी घेतात तसा, आणि प्रत्येक नंबरानंतर नवव्या क्लॉकला कोणी एसडीएची लाइन खाली ओढतंय का एवढंच बघतो. ओढली तर "हजर", नाही ओढली तर गैरहजर. त्याला सेन्सरचं नाव कळत नाही, कंपनी कळत नाही, आणि मुख्य म्हणजे तुमच्या सेन्सरची लायब्ररी या सगळ्यात कुठेच येत नाही. त्यामुळे स्कॅनरलाच काही दिसत नसेल तर लायब्ररी बदलणं म्हणजे फोनमध्ये सिमच नाही आणि आपण रिंगटोन बदलतोय. कॉम्प्युटर बाजूला ठेवा, मल्टिमीटर घ्या.

पहिलं माप पॉवरचं. पण ते आर्डुइनोच्या पिनवर नाही, सेन्सरच्या बोर्डावर, व्हीसीसी (सप्लाय) आणि ग्राउंडच्या पॅडवर. ब्रेडबोर्डच्या कडेची पॉवरची पट्टी कधी अर्ध्यात तुटक असते, जंपर आतून मोडलेला असतो, आणि आपण मात्र "इकडून तर ५ व्होल्ट निघतायत" म्हणून खुशीत. आणि हो, पिनांची पट्टी सोल्डर केलीय ना? हसू नका, मी स्वतः दोन संध्याकाळी एका बोर्डावर घालवल्यात, पट्टी नुसती भोकांत खोचलेली होती, बोटाने दाबलं की सेन्सर दिसायचा आणि बोट काढलं की गायब, आणि मी समजत होतो की बोटाच्या उष्णतेने काहीतरी होतंय.

दुसरं, ते व्होल्ट किती. बीएमई२८० ची चिप १.७१ ते ३.६ व्होल्टवर चालते. बोर्डावर रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर (सिग्नलचे व्होल्ट जुळवणारा) असेल तर ५ व्होल्ट चालतात, पण नुसती चिप आणि दोनचार रेझिस्टर असलेला छोटा बोर्ड असेल तर ५ व्होल्ट दिल्यावर ती खरंच मरू शकते, ४.२५ च्या वर तिची सहनशक्ती संपते. तेव्हा व्हीसीसीला काय जोडलं होतं ते आठवून बघा.

तिसरं, वायरी. यूआरटीची (सीरिअल पोर्टची) सवय असलेले लोक टीएक्स-आरएक्ससारखी इथेही अदलाबदल करतात. इथे सरळ, एसडीए ला एसडीए, एससीएल ला एससीएल. उलटं झालं तरी काही जळत नाही, फक्त काही चालत नाही, त्यामुळे शंका असेल तर बिनधास्त फिरवून बघा. बोर्डावर एससीके आणि एसडीआय लिहिलं असेल तर गोंधळू नका, तीच चिप एसपीआय ही दुसरी बस पण बोलते म्हणून ती नावं आहेत, एससीके म्हणजे आपलं एससीएल आणि एसडीआय म्हणजे एसडीए. ऊनोवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५, एआरईएफच्या शेजारी जे वेगळे दोन पिन आहेत ते आतून हेच आहेत, म्हणजे ए४ वर पोटेन्शिओमीटर लावून तिकडे सेन्सर लावलात तर दोघांचं भांडण होणार. मेगावर हे पिन २० आणि २१, ईएसपी३२ वर साधारणपणे २१ आणि २२, ईएसपी८२६६ च्या बोर्डांवर डी२ आणि डी१. एका बोर्डाचं चित्र बघून दुसऱ्याला वायरी लावणारे मला दर महिन्याला भेटतात.

आता येतं पुल-अप, आणि इथे जरा बसून समजून घ्या कारण मल्टिमीटर इथे तुम्हाला फसवतो. आयटूसीच्या दोन्ही लाइनींवर कुठलीच चिप लाइन वर ढकलत नाही, फक्त खाली ओढते. दाराला स्प्रिंग लावलेली असते तसं, ढकलून उघडायचं काम कोणीही करेल पण बंद करायचं काम स्प्रिंगचं. ती स्प्रिंग म्हणजे पुल-अप रेझिस्टर, सहसा ४.७ किंवा १० किलोओहमचा. तो नसेल तर लाइन वर येणारच नाही. मग तुम्ही मीटर लावता आणि दिसतात बरोब्बर ५ व्होल्ट, म्हणता पुल-अप आहे की! पण वायर (Wire) नावाची आर्डुइनोची आयटूसी लायब्ररी ऊनोच्या आतले पुल-अप आपणहून चालू करते, ते २० ते ५० किलोओहमचे, म्हणजे फारच मऊ स्प्रिंग. मीटर काहीच करंट घेत नाही त्यामुळे त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं, पण लाइन सेकंदाला लाख वेळा वरखाली व्हायला लागली की ती स्प्रिंग वेळेत दार लावत नाही. म्हणून पॉवर बंद करा, सेन्सर सर्किटमधून काढा, आणि त्याच्या बोर्डावर एसडीए ते व्हीसीसी ओहम मोजा, मग एससीएल ते व्हीसीसी. ४.७ किंवा १० किलोच्या आसपास आलं तर बोर्डावर पुल-अप आहे. मेगाओहम दाखवत असेल तर नाहीये, बाहेरून ४.७ किलोचे दोन लावा. (रेग्युलेटरवाल्या बोर्डावर पुल-अप कधी ३.३ च्या पिनला जातो, तिकडेही मोजून बघा.)

पॉवर चालू असताना आणि बस शांत असताना दोन्ही लाइनी सप्लायच्या जवळ असायला हव्यात. एखादी शून्यावर असेल तर शॉर्ट शोधा. दीड-दोन व्होल्टवर लोंबकळत असेल तर बहुतेक वेळा कुठल्यातरी चिपला पॉवरच मिळत नाहीये, अशी उपाशी चिप आतल्या डायोडमधून लाइनीवरचाच व्होल्टेज पिऊन टाकते आणि बाकीच्यांनाही बोलू देत नाही.

एवढं सगळं ठीक असेल तर बीएमई२८० च्या दोन खास खोड्या. सीएसबी नावाचा पिन वर म्हणजे सप्लायला असला तरच ती आयटूसी बोलते, तो एकदा जरी खाली गेला तरी पॉवर पूर्ण काढून परत देईपर्यंत ती आयटूसीवर मुकी. जंपर लावताना चुकून ग्राउंडला टेकला की झालं, नंतर तुम्ही वायरी कितीही बरोबर करा, आर्डुइनोचं रिसेट कितीही दाबा. आणि एसडीओ पिन ग्राउंडला असेल तर ॲड्रेस ७६, सप्लायला असेल तर ७७, मोकळा सोडला तर भरवसा नाही. बऱ्याच बोर्डांवर हे दोन्ही पिन रेझिस्टरने बांधलेले असतात पण सगळ्यांवर नसतात. मला विचाराल तर तुमचं घोडं इथेच किंवा सोल्डरिंगवर अडलंय, पण मोजल्याशिवाय शपथ घेणार नाही.

प्रश्न: ओएलईडी डिस्प्लेच्या मागे ७८ छापलंय आणि स्कॅनर ३सी म्हणतो. कोण खोटं बोलतंय?

उत्तर: कोणीच नाही. ॲड्रेस ७ बिटांचा असतो, पण बसवर जाताना त्याच्या शेपटीला आठवा बिट लागतो, लिहायचंय की वाचायचंय ते सांगणारा. काही लोक तो आठवा बिट धरून ॲड्रेस छापतात. ३सी ची दुप्पट केलीत की ७८ येतं, ३डी ची केलीत की ७ए. प्रोग्राममध्ये स्कॅनरने सांगितलेलाच टाका. जुन्या डेटाशीट वाचताना हे लक्षात ठेवा, "लिहायला डी०, वाचायला डी१" असं दिसलं की समजायचं ॲड्रेस ६८ आहे.

प्रश्न: माझं उलटं आहे. स्कॅनरला सेन्सर ७६ वर दिसतो पण लायब्ररी म्हणते सेन्सर सापडला नाही, वायरिंग तपासा. मी वायरिंग दहा वेळा तपासलं. आता काय तपासू?

उत्तर: वायरिंग सोडा, ते बरोबर आहे, स्कॅनरने तुम्हाला सर्टिफिकेट दिलंय. तो "वायरिंग तपासा" मेसेज लायब्ररी लिहिणाऱ्याने एकच लिहून ठेवलेला असतो, कारण काहीही असो तोच येतो.

दोन शक्यता. एक म्हणजे लायब्ररी ७७ वर शोधतेय, बऱ्याच लायब्रऱ्या तोच गृहीत धरतात, तर प्रोग्राममधल्या बिगिनच्या कंसात ७६ द्या. बहुतेकांचं इथेच मिटतं. दुसरी शक्यता थोडी कडू आहे, तुमच्याकडे आहे ती बीएमई२८० नाहीच. स्कॅनरला नाव कळत नाही म्हणालो ना, पण लायब्ररी नाव विचारते. चिपमध्ये डी० नावाच्या रजिस्टरमध्ये (आतल्या एका खणात) तिची ओळख लिहिलेली असते, बीएमई२८० असेल तर ६०, बीएमपी२८० असेल तर ५८, आणि जुनी बीएमपी१८० असेल तर ५५, पण ती ७७ वर असते. बीएमपी दिसायला तशीच, ॲड्रेस तोच, तापमान आणि हवेचा दाब दोन्ही देते, फक्त आर्द्रता मोजत नाही. बीएमई म्हणून विकलेल्या बोर्डावर बीएमपी निघाल्याचं बऱ्याच जणांच्या नशिबी येतं. एक बाइट वाचायचा चार ओळींचा प्रोग्राम लिहा आणि ५८ आलं तर बीएमपीची लायब्ररी टाका, सेन्सर लगेच बोलायला लागेल. आर्द्रता हवीच असेल तर मात्र दुसरा सेन्सर.

हीच गंमत एमपीयू६०५० या हालचाल मोजणाऱ्या चिपमध्ये पण आहे. तिचं ओळखीचं रजिस्टर ७५ नंबरचं, त्यात ६८ यायला हवं. ७० आलं तर ती एमपीयू६५०० आहे आणि हट्टी लायब्ररी तिला दारातून परत पाठवते.

प्रश्न: माझं हवामानाचं स्टेशन टेबलावर आठवडाभर मस्त चाललं. मग सेन्सर ३ मीटर केबलने बाहेर नेला. आता दोनतीन तास चालतं आणि अडकतं. रिसेट बटन दाबून उपयोग नाही, प्लग काढून लावला की परत चालू. प्रोग्राममध्ये बग आहे का?

उत्तर: "रिसेटने होत नाही, प्लग काढल्यावर होतं" हे वाक्य लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यात अर्धं उत्तर आहे. रिसेट बटन फक्त मायक्रोकंट्रोलरला उठवतं, सेन्सरला नाही. समजा सेन्सर एक बाइट पाठवतोय, मध्येच शून्य पाठवायला त्याने एसडीए खाली ओढून धरलीय, आणि तेवढ्यात क्लॉकच्या लाइनीवर एखादा झटका आला किंवा कंट्रोलर रिसेट झाला. सेन्सर बिचारा पुढच्या क्लॉकची वाट बघत लाइन धरून बसतो, कंट्रोलर नव्याने उठतो, बघतो तर एसडीए खाली, म्हणजे बस बिझी, तो पण वाट बघत बसतो. दोघेही शहाणे आणि दोघेही बसलेले.

सोडवायची रीत जुनी आहे. प्रोग्राम सुरू होताना, वायर लायब्ररी चालू करायच्या आधी, एसडीए वर आहे का बघा. खाली असेल तर एससीएल पिन हाताने ९ वेळा वरखाली करा आणि मग एक स्टॉप (बोलणं संपल्याची खूण) द्या. नऊ का, तर आठ बिट आणि एक पोच, सेन्सर कुठेही अडकला असला तरी नऊ क्लॉकमध्ये त्याचा बाइट संपतो आणि तो लाइन सोडतो. फक्त पिन वर "ढकलू" नका, इनपुट करून सोडून द्या म्हणजे पुल-अप वर नेईल. त्याशिवाय ऊनोसारख्या बोर्डांवर पूर्वी वायर लायब्ररी अडकली की अनंतकाळ थांबायची, २०२० मध्ये तिच्यात टाइमआउटची सोय आली पण ती आपणहून चालू नसते, सेटवायरटाइमआउट लिहून चालू करावी लागते. ते केलंत तर निदान प्रोग्राम पुढे सरकेल आणि तुम्हाला चूक पकडता येईल. सेन्सरचा व्हीसीसी एखाद्या ट्रान्झिस्टरमधून देऊन प्रोग्राममधूनच बंद-चालू करायची पण पद्धत आहे, पण त्या वेळी पुल-अप पण त्याच व्हीसीसीवर ठेवा, नाहीतर वर म्हणालो तशी उपाशी चिप लाइनीतून पिणार.

पण ही झाली मलमपट्टी. मूळ दुखणं ती ३ मीटरची केबल. आयटूसी फिलिप्सने १९८२ च्या सुमाराला काढलं ते टीव्हीसारख्या डब्याच्या आत एका बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलावं म्हणून, अंगणापर्यंत जायला नाही. केबलच्या प्रत्येक मीटरला काहीतरी ५० ते १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) असतो आणि सगळ्या बसला मिळून ४०० ची मर्यादा आहे. आता हिशोब बघा. लाइन वर चढायला लागणारा वेळ साधारण ०.८५ गुणिले पुल-अप गुणिले कपॅसिटन्स. तुमची केबल २०० पिकोफॅरड धरली आणि पुल-अप १० किलो, तर १.७ मायक्रोसेकंद झाले. १०० किलोहर्ट्झला परवानगी आहे १ मायक्रोसेकंदाची, ४०० ला तर फक्त ०.३. म्हणजे तुमचा सिग्नल नियमाबाहेर चालला होता आणि दोनतीन तास टिकला हेच नवल. ४.७ किलो लावलेत तर ०.८ वर येतो, बसतो. क्लॉक ५० किलोहर्ट्झवर आणा, तापमान मोजायला घाई कसली आहे.

पुल-अप कमी करायचा म्हणून फार खाली पण जाऊ नका. प्रत्येक चिपने ३ मिलिॲम्पिअर ओढावेत एवढीच अपेक्षा असते, ३.३ व्होल्टवर साधारण १ किलोच्या खाली गेलात की ती लाइन पुरती खाली आणू शकत नाही. आणि हे नकळत होतं बरं का, ४.७ किलोवाले पाच बोर्ड एकाच बसवर लावले की पाचही पुल-अप समांतर होऊन ९४० ओहम होतात, मग "चार सेन्सर चालतात, पाचवा लावला की सगळे जातात" असं पत्र येतं मला.

केबलमध्ये एसडीए आणि एससीएल एकमेकांना पीळ घालून नेऊ नका, एकीची चाहूल दुसरीला लागते. एसडीएचा पीळ ग्राउंडबरोबर आणि एससीएलचा व्हीसीसी किंवा दुसऱ्या ग्राउंडबरोबर. सेन्सरपाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. केबलच्या बाजूने मोटर किंवा रिलेची वायर जात असेल तर ती लांब न्या. आणि खरंच लांब न्यायचं असेल, दहा-वीस मीटर वगैरे, तर सेन्सरपाशी एक छोटा कंट्रोलर ठेवा आणि आरएस४८५ या लांब अंतराच्या जोडणीने बोला, आयटूसीला ओढूनताणून लांब करण्यात आयुष्य घालवू नका.

प्रश्न: डीएस३२३१ घड्याळ आणि एमपीयू६०५० दोन्ही वेगवेगळे लावले तर सापडतात. एकत्र लावले तर स्कॅनर ६८ आणि ५७ एवढेच दाखवतो. एमपीयू कुठे गेला?

उत्तर: कुठे गेला नाही, दोघांचाही नंबर ६८ आहे. हजेरीत एकाच नंबरावर दोन मुलं "हजर" म्हणाली तरी सरांच्या वहीत एकच खूण होते. ते ५७ म्हणजे घड्याळाच्या बोर्डावरची मेमरी आहे, तिसरं कोणीतरी नाही. सुदैवाने एमपीयूला एडी० नावाचा पिन आहे, तो त्याच्या व्हीसीसीला जोडा, तो ६९ वर जाईल. घड्याळाचा मात्र बदलता येत नाही.

एकाच जातीचे बरेच सेन्सर लावायचे असतील तर दोन रस्ते. व्हीएल५३एल०एक्स सारख्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरला एक्सशट पिन असतो, सगळ्यांना झोपवायचं, एकेकाला उठवून २९ वरून वेगळा ॲड्रेस द्यायचा, पण पॉवर गेली की तो विसरतो, दर वेळी बारसं नव्याने करावं लागतं. दुसरा रस्ता टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर, एका बसचे आठ फाटे करून देतो. मला दुसरा आवडतो, कारण त्यात एखादा फाटा अडकला तरी तो बंद करून बाकीचे चालवता येतात. फक्त त्याचा स्वतःचा ॲड्रेस ७० ते ७७ मध्ये असतो, बीएमई शेजारी असेल तर ७६-७७ टाळा. आणि प्रत्येक फाट्याला आपापला पुल-अप लागतो, हे बरेच जण विसरतात आणि मग परत मला लिहितात.

प्रश्न: रास्पबेरी पायवर आयटूसीडिटेक्ट या स्कॅनरच्या तक्त्यात ६८ च्या जागी यूयू आलंय. सेन्सर बिघडला?

उत्तर: नाही हो. तो ॲड्रेस लिनक्सच्या एखाद्या ड्रायव्हरने आधीच धरून ठेवलाय, म्हणून टूलने तिकडे हात लावला नाही. घड्याळाचा ओव्हरले (ड्रायव्हर चालू करणारी सेटिंग) चालू केला असेल आठवून बघा. चांगली खूण आहे ती.

प्रश्न: एएम२३२० (तापमान-आर्द्रतेचा सेन्सर) पहिल्या स्कॅनला दिसत नाही आणि लगेच परत स्कॅन केला की ५सी वर दिसतो. लूज कनेक्शन असेल का?

उत्तर: झोपाळू सेन्सर आहे तो. काम नसलं की झोपतो, पहिली हाक ऐकून उठतो पण उत्तर देत नाही, दुसऱ्या हाकेला देतो. कनेक्शन बरोबर आहे. स्वतःचा प्रोग्राम लिहीत असाल तर आधी एक रिकामी हाक मारा, दोनेक मिलिसेकंद थांबा, मग विचारा.

प्रश्न: डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरचा पिवळा वायर एसडीएला लावला, स्कॅनरला सापडत नाही. पुल-अप पण लावलाय ४.७ किलोचा.

उत्तर: पुल-अप अगदी बरोबर लावलात, बस चुकली. डीएस१८बी२० वन-वायर बोलतो, त्याला क्लॉकची लाइनच नाही, आयटूसी स्कॅनर कितीही ओरडला तरी ती भाषा त्याला कळणार नाही. कुठल्याही डिजिटल पिनला लावा, वन-वायरची लायब्ररी घ्या, पुल-अप आहे तोच ठेवा. डीएचटी२२ वाल्यांनीही ऐकून ठेवा, काही डेटाशीटमध्ये त्याच्या डेटा पिनला एसडीए लिहिलंय, पण ते आपलं एसडीए नाही, त्याची बोली तिसरीच आहे.